मापाचे माप : हाली-कलदारपासून इंदूरच्या मृदू क्ष-किरणांपर्यंत

१/
कन्नड तालुक्यातील पिशोर हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव, म्हणजे इंग्रजांचे खानदेश. घाटाच्या वर निजामाचा ‘हाली’ रुपया चाले, घाटाखाली इंग्रजांचा ‘कलदार’. दोन्हींचे नाव रुपयाच. पण दर असा, की सात हाली मोजावेत तेव्हा सहा कलदार हाती यावेत. “शंभर रुपये” एवढे बोलून व्यवहार पुरा होत नसे. कोणते रुपये, हे सांगावे लागे.

२/
हा धागा नाण्यांविषयी नाही. मात्र त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. लेसरच्या माऱ्याने तापलेल्या प्लाझ्मातून मृदू क्ष-किरण बाहेर पडतात. ते मोजणारे उपकरण एक आकडा दाखवते. तो आकडा ‘हाली’ आहे की ‘कलदार’? उपकरणाचा आकडा आणि खरे परिमाण यांच्यातील दर ठरवणे म्हणजे अंशांकन. प्रयोगशाळेच्या रोजच्या बोलीत कॅलिब्रेशन. विज्ञानाच्या इतिहासात या कामाला क्वचितच स्वतंत्र प्रकरण मिळते. ते का मिळायला हवे, हे पाहण्यासाठी १९५५ सालापासून आरंभ करू.

३/
ऑगस्ट १९५५. अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद जिनिव्हा येथे भरली. अध्यक्षस्थानी होते मुंबईचे होमी भाभा. हलकी अणुकेंद्रके एकत्र आणून ऊर्जा मिळवण्याची, म्हणजे सूर्यातील संमीलन पृथ्वीवर नियंत्रित रीतीने घडवण्याची युक्ती येत्या दोन दशकांत सापडेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षीय भाषणात केले. त्या काळी मोठ्या देशांतील हे संशोधन बहुतांशी गुप्त होते. भाभांच्या भाकिताने तो विषय उघड चर्चेत आणला.

४/
अवघ्या अडीच वर्षांत पहिली मोठी फजिती झाली. जानेवारी १९५८ मध्ये ब्रिटनच्या हार्वेल येथील ‘झीटा’ या यंत्राचे निकाल जाहीर झाले. तापमान सुमारे ५० लाख अंश, न्यूट्रॉनही मिळाले. संमीलन साधल्याचा गाजावाजा वृत्तपत्रांनी केला. मे महिन्यात तो दावा मागे घ्यावा लागला. न्यूट्रॉन खरे होते, पण ते तप्त प्लाझ्मातील संमीलनातून आलेले नव्हते. उपकरणांनी काहीतरी मोजले होते. त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला होता.

५/
पुढची घटना याच्या नेमकी उलट आहे. १९६८ मध्ये नोव्होसिबिर्स्क येथील परिषदेत सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव्ह आर्त्सिमोविच यांनी टी-३ या टोकामाक यंत्रात सुमारे एक कोटी अंशांचे तापमान मिळाल्याचे सांगितले. झीटाने पोळलेल्या पाश्चात्त्यांना ते पटेना. तेव्हा सोव्हिएत संघाने शीतयुद्धाच्या ऐन काळात ब्रिटिशांनाच मोजायला बोलावले. इंग्लंडमधील कलहॅमचे पथक आपले लेसर व उपकरणे घेऊन मॉस्कोला गेले. रुबी लेसरचा प्रकाश प्लाझ्मातील इलेक्ट्रॉनांवरून विखुरला जातो. इलेक्ट्रॉन जितके वेगवान, तितका त्या प्रकाशाच्या रंगाचा पट्टा रुंदावतो. त्यावरून त्यांनी तापमान काढले. १९६९ मध्ये सोव्हिएत आकडा खरा ठरला.

६/
या दोन घटनांचा धडा एकच आहे. तापमानाच्या आकड्याला त्याच्या मोठेपणामुळे मान मिळत नाही. तो दुसऱ्या, स्वतंत्रपणे तपासलेल्या मापाशी जुळतो का, यावर त्याची पत ठरते. टी-३ नंतर जगभर टोकामाक उभे राहिले, ते या एका पडताळणीच्या बळावर.

७/
मॉस्कोत लेसरने मोजण्याचे काम केले. १९७२ मध्ये जॉन नकल्स व सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये वेगळी कल्पना प्रसिद्ध केली : लेसरनेच इंधनाची बारीक गोळी दाबावी व तापवावी. सोव्हिएत संघात बासोव्ह आणि क्रोखिन यांनी लेसरने प्लाझ्मा तापवण्याचा विचार त्याआधीच, १९६० च्या दशकात मांडला होता. शक्तिशाली लेसरचे स्पंद धातूच्या पत्र्यावर केंद्रित केले, की एका अब्जांश सेकंदात पृष्ठभागाचा प्लाझ्मा होतो आणि त्याचे तापमान लाखो अंशांवर जाते. एवढी तप्त वस्तू डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा मृदू क्ष-किरणांच्या रूपाने फेकते.

८/
‘मृदू’ म्हणजे किती? रुग्णालयातील क्ष-किरण हजारो इलेक्ट्रॉन व्होल्टचे. ते शरीराच्या आरपार जातात. मृदू क्ष-किरण साधारणतः शंभर ते काही हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचे. १००० इलेक्ट्रॉन व्होल्टचा किरण काही मिलिमीटर हवेतच बहुतांशी शोषला जातो. म्हणून प्रयोग निर्वात पेटीत करावा लागतो, आणि डिटेक्टरसमोर काचेची खिडकी बसवता येत नाही. जो किरण हवेलाही भेदू शकत नाही, तो मोजणाऱ्या उपकरणाच्या पृष्ठभागाची प्रत्येक अशुद्धी मोजमापात उतरते.

९/
सिलिकॉनच्या फोटोडायोडचे उदाहरण घेऊ. क्ष-किरणाची सुमारे ३.६५ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा खर्ची पडली, की सिलिकॉनमध्ये विद्युतभाराची एक जोडी मोकळी होते. १००० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या एका फोटॉनमागे अशा सुमारे २७० जोड्या. हिशेब सोपा वाटतो. पण सिलिकॉनवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, आणि पृष्ठभागालगतचा काही भाग भार गोळा करण्याच्या कामी ‘मृत’ असतो. मृदू किरण नेमके तेथेच अडकतात. त्या थरात किती वाया गेले, हे कागदावरच्या गणिताने पक्के होत नाही. तो डायोड प्रत्यक्ष तपासावा लागतो.

१०/
दुसरी अडचण : डायोडला किरण आला एवढे कळते, कोणत्या ऊर्जेचा आला हे कळत नाही. स्पंद इतका अल्पकाळ असतो, की फोटॉन एकेक करून मोजण्यास अवकाशच मिळत नाही. त्यावर उपाय म्हणजे धातूंच्या पातळ पापुद्र्यांच्या चाळण्या. प्रत्येक मूलद्रव्य विशिष्ट ऊर्जेच्या उंबरठ्यावर एकदम अधिक शोषू लागते : कार्बन २८४, टायटॅनियम सुमारे ४५४, निकेल सुमारे ८५३, ॲल्युमिनियम सुमारे १५६० इलेक्ट्रॉन व्होल्टला. वेगवेगळ्या चाळण्यांमागे वेगवेगळे डिटेक्टर ठेवले, की प्रत्येकाच्या वाट्याला ऊर्जेचा एकेक पट्टा येतो. सर्व पट्टे जुळवून संपूर्ण वर्णपट उभा करायचा. चाळणीची जाडी चुकली, तर पट्टा चुकला. डायोडचा दर चुकला, तर त्या पट्ट्याची उंची चुकली.

११/
चुकीची किंमत किती? तप्त वस्तूतून बाहेर पडणारी ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. डिटेक्टरने ऊर्जा २० टक्के जास्त दाखवली, तर तापमान पाच टक्क्यांहून थोडे कमीच चुकते. दिलासा वाटावा असे हे गणित आहे. पण उलटीकडून पाहिल्यास तेच कठोर होते. इंधनाच्या गोळीला दाबणारी असते ती ऊर्जा, तापमान नव्हे. तापमानातील पाच टक्क्यांचा ‘किरकोळ’ फरक म्हणजे ऊर्जेतील वीसेक टक्क्यांची तूट. प्रयोग फसला तर दोष लेसरचा, सिद्धांताचा की मापाचा, हे अंशांकनाशिवाय सांगता येत नाही.

१२/
मग डिटेक्टर तपासायचा कशावर? मराठा काळात नाणी पारखणारा पोतदार असे. तो डोळ्यांवर भिस्त ठेवत नसे. कसोटीच्या दगडावर संशयित सोन्याची रेघ ओढायची आणि शेजारी ज्ञात कसाच्या सोन्याची. दोन्ही रेघा ताडून पाहायच्या. अंशांकनातही हेच दोन घटक लागतात : ज्याची तीव्रता व ऊर्जा आधीच पक्की ठाऊक आहे असा किरण, आणि तुलना. दृश्य प्रकाशासाठी प्रमाणित दिवे सहज मिळतात. मृदू क्ष-किरणांसाठी असा ‘दिवा’ मिळणे ही खरी ऐतिहासिक अडचण होती.

१३/
तो दिवा अनपेक्षित ठिकाणी सापडला. एप्रिल १९४७ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत सिंक्रोट्रॉन यंत्रात वर्तुळाकार फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांतून तेजस्वी प्रकाश बाहेर पडताना दिसला. कणवेगक बांधणाऱ्यांच्या दृष्टीने ती वाया जाणारी ऊर्जा होती. १९४९ मध्ये ज्युलियन श्विंगर यांनी या प्रकाशाचे संपूर्ण गणित मांडले. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा, चुंबकीय क्षेत्र आणि प्रवाह ठाऊक असेल, तर कोणत्या ऊर्जेचे किती किरण निघतील हे आधीच काढता येते. असा स्रोत स्वतःच प्रमाण होऊ शकतो. जर्मनी व अमेरिकेच्या राष्ट्रीय मापनसंस्थांनी पुढे याच गुणाचा उपयोग केला.

१४/
दुसरा मार्ग उष्णतेचा. अतिशीत तापमानाला ठेवलेल्या एका शोषकावर किरण पाडायचा आणि तो किती तापतो ते पाहायचे. नंतर किरण बंद करून विद्युतप्रवाहाने तेवढीच उष्णता द्यायची. विजेचे मोजमाप अत्यंत अचूक असते. त्यामुळे किरणाची शक्ती वॅटमध्ये थेट कळते. मग त्याच किरणात डायोड ठेवून त्याचा दर ठरवायचा. तो डायोड पुढे दुसऱ्या डायोडचे माप होतो, दुसरा तिसऱ्याचे. ही साखळी जेथे तुटते, तेथून पुढचे आकडे निराधार ठरतात.

१५/
आता भारताकडे. दिलीप देविदास भवाळकर यांचा जन्म १९४० चा, मध्य प्रदेशातील सागरचा. सागर हे गोविंदपंत बुंदेल्यांच्या कारभारापासून मराठी वस्ती असलेले शहर. सागर विद्यापीठातील शिक्षणानंतर ते इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठात गेले आणि १९६७ मध्ये मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात रुजू झाले. भारतात लेसर विकत आणण्यापेक्षा घडवण्याची परंपरा रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. १९८४ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला, २००० मध्ये पद्मश्री.

१६/
१९८४ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे. १९ फेब्रुवारी रोजी राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते इंदुरात प्रगत तंत्रज्ञान केंद्राची, म्हणजे ‘कॅट’ची पायाभरणी झाली. जून १९८६ मध्ये मुंबईहून शास्त्रज्ञांची पहिली तुकडी होळकरांच्या या शहराजवळ राहायला आली. भवाळकर संस्थेचे पहिले संचालक. संस्थेपुढे दोन कामे होती : लेसर आणि कणवेगक. वरवर भिन्न दिसणारी ही दोन शास्त्रे एकाच आवारात आली. जी वस्तू मोजायची ती एका इमारतीत, आणि जिच्यावर माप तपासायचे ती दुसऱ्या इमारतीत, असा योग त्यामुळे जुळणार होता.

१७/
मे १९९८ मध्ये भारताने पोखरण येथे अणुचाचण्या केल्या. अणुऊर्जा विभागाच्या अनेक संस्था अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांच्या यादीत गेल्या. सूक्ष्म उपकरणांसाठी परदेशावर विसंबून राहणे किती धोक्याचे, हे त्या वेळी प्रत्येक प्रयोगशाळेला कळले. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, इंदुरात ‘इंडस-१’ कार्यान्वित झाला. भारताचा हा पहिला सिंक्रोट्रॉन प्रकाशस्रोत. परीघ जेमतेम १९ मीटर, इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ४५ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट. जगाच्या मानाने यंत्र छोटे. पण त्याचा प्रकाश नेमका अतिनील व मृदू क्ष-किरणांच्या पट्ट्यात पडत होता.

१८/
या यंत्रावर आर. व्ही. नांदेडकर, जी. एस. लोढा व सहकाऱ्यांनी मृदू क्ष-किरणांच्या परावर्तनाचा अभ्यास करणारी किरणरेषा उभारली. तिचा पल्ला ४० ते १००० आंगस्ट्रॉम, म्हणजे सुमारे १२ ते ३१० इलेक्ट्रॉन व्होल्ट. वक्र ग्रेटिंगच्या साह्याने मिश्र प्रकाशातून एकच ऊर्जा निवडायची आणि ती नमुन्यावर पाडायची. येथे एक सापळा असतो : ग्रेटिंग हव्या त्या ऊर्जेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट ऊर्जेचे किरणही थोडे सोडते. ते चाळणीने रोखले नाहीत, तर डिटेक्टर दोन वेगळी नाणी एकच समजून मोजतो. आरसे, बहुस्तर, ग्रेटिंग व डिटेक्टर अशा किरणांत तपासण्याची सोय आता देशातच झाली.

१९/
त्याच आवारात लेसर-प्लाझ्माचे संशोधन चालू होते. काच-माध्यमाच्या लेसरांनी विविध धातूंवर मारा करून कोणत्या लक्ष्यातून किती क्ष-किरण मिळतात, याचा अभ्यास तेथे झाला. या क्षेत्रातील पी. डी. गुप्ता व पी. ए. नाईक हे पुढे याच संस्थेचे संचालक झाले. डिसेंबर २००५ मध्ये संस्थेला राजा रामण्णा यांचे नाव मिळाले आणि १७२.५ मीटर परिघाचा ‘इंडस-२’ राष्ट्राला अर्पण झाला. त्याच्यावरील मृदू क्ष-किरण किरणरेषेचा पल्ला १०० ते १५०० इलेक्ट्रॉन व्होल्ट. इंडस-१ जेथे थांबत होता, तेथून पुढचा रस्ता मोकळा झाला.

२०/
तरी एक प्रश्न उरतोच, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. सिंक्रोट्रॉनचा निवडलेला किरण मंद व सातत्यपूर्ण असतो. लेसर-प्लाझ्माचा स्पंद म्हणजे एका क्षणात कोसळणारी सर. मंद किरणात ठरवलेला दर त्या सरीतही खरा राहील का? मोठ्या स्पंदात डायोडमध्ये एकाच वेळी इतका भार मोकळा होतो, की त्याचे उत्तर प्रमाणात वाढत नाही. म्हणून तीव्रतेच्या कोणत्या मर्यादेपर्यंत डिटेक्टर सरळ रेषेत वागतो, हे वेगळे तपासावे लागते. एका परीक्षेचे प्रमाणपत्र दुसऱ्या परीक्षेला चालत नाही.

२१/
ही साखळी किती नाजूक असते, याचा पुरावा श्रीमंत प्रयोगशाळांतही सापडतो. अमेरिकेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत १९२ लेसरकिरण सोन्याच्या सुमारे एक सेंटिमीटर लांबीच्या पोकळ नळीत शिरतात. नळीच्या भिंती तापून मृदू क्ष-किरण सोडतात आणि ते आतील इंधन दाबतात. ती ऊर्जा मोजते ‘दांते’ ही १८ पट्ट्यांची यंत्रणा. तिचे डिटेक्टर व चाळण्या ब्रुकहेव्हनच्या सिंक्रोट्रॉनवर तपासल्या जात. सप्टेंबर २०१४ मध्ये तो सिंक्रोट्रॉन कायमचा बंद झाला आणि अंशांकनासाठी दुसरी सोय शोधणे भाग पडले. ५ डिसेंबर २०२२ रोजी तेथे २.०५ मेगाज्यूल लेसर-ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल संमीलन-ऊर्जा मिळाली. जगाने दुसरा आकडा वाचला. तो विश्वसनीय ठरवणाऱ्या तपासण्यांची नावे फारशी कुणी वाचली नाहीत.

२२/
इंदूरच्या मापाचा पल्ला पृथ्वीपुरता राहिला नाही. २२ जुलै २०१९ रोजी निघालेल्या चांद्रयान-२ च्या परिक्रमा-यानावर सूर्याचे मृदू क्ष-किरण मोजणारे उपकरण आहे, अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने घडवलेले. सूर्यही एक प्लाझ्माच. उड्डाणापूर्वी त्या उपकरणाच्या तपासणीत इंडस-२ च्या एकाच ऊर्जेच्या किरणांचा उपयोग झाला. चंद्राभोवती फिरणारे उपकरण परत आणून तपासता येत नाही. जे काही ठरवायचे ते उड्डाणाआधी, जमिनीवरच.

२३/
प्रयोगशाळेतील डिटेक्टरांचे तसे नसते. त्यांचा पृष्ठभाग हवेने गंजतो, प्लाझ्माच्या शिंतोड्यांनी मळतो, किरणांच्या माऱ्याने झिजतो. गेल्या वर्षीचा दर यंदा लागू पडेलच असे नाही. म्हणून ठरावीक काळाने त्यांना पुन्हा त्या ज्ञात किरणापुढे उभे करावे लागते. अंशांकन एकदा करून संपत नाही, आणि ते करणाऱ्याचे नाव शोधाच्या मथळ्यात सहसा येत नाही.

२४/
भाभांनी दिलेली दोन दशकांची मुदत १९७५ मध्येच उलटली. भाकीत चुकले, पण संमीलन दिसते तेवढे सोपे नाही, हे कळण्यासाठीसुद्धा झीटाची चूक उघडी पाडणारी आणि टी-३ चा दावा पक्का करणारी मापे लागली. १९५० च्या दशकात हाली रुपया व्यवहारातून गेला आणि कन्नडच्या घाटावरचा तो हिशेब संपला. लाखो अंशांच्या प्लाझ्मासाठी मात्र तो आजही, प्रत्येक डिटेक्टरपाशी, नव्याने मांडावा लागतो. यापुढे संमीलनाचा कुठलाही विक्रमी आकडा वाचनात आला, तर घाटावरच्या व्यापाऱ्याचा प्रश्न आपणही विचारावा : रुपये कोणते?